आधी कोण बोलणार? मिश्र टीमकडून चांगला निर्णय करून घेण्यासाठी

चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या कुठल्याही मध्यम कारखान्यात मीटिंगच्या टेबलाभोवती बसणारी माणसं आता एका साच्यातली राहिलेली नाहीत. आयटीआय करून लाइनवर आयुष्य काढलेला सुपरवायझर, नुकतीच इंजिनिअर होऊन क्वालिटीत लागलेली मुलगी, बिहार-ओडिशातून आलेले कंत्राटी कामगार, कोइमतूरहून बदली होऊन आलेला मेंटेनन्सचा माणूस, खरेदीतले साहेब, अकाउंट्सच्या मॅडम. अशा टीमची जबाबदारी तुमच्यावर नुकतीच आली असेल आणि या सगळ्यांना घेऊन निर्णय घ्यायचे असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ऑफिस, बँकेची शाखा, हॉस्पिटल, शाळा इथेही फारसा फरक पडत नाही. मी उदाहरण कारखान्याचं घेते, कारण तिथे माणसामाणसांतली अंतरं लपत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगते. वेगवेगळी माणसं एकत्र बसवली की निर्णय आपोआप सुधारतात, असं होत नाही. मिश्र टीमवर गेली कित्येक दशकं संशोधन झालंय आणि त्यातून सरसकट निष्कर्ष निघत नाही. काही टीम एकसारख्या माणसांच्या टीमपेक्षा पुष्कळ पुढे जातात, काही आपसातच अडकून पडतात. प्रत्येकाच्या डोक्यात असलेली वेगळी माहिती टेबलावर येते की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. आणि ती येणं-न येणं बरंचसं ठरतं मीटिंगमध्ये कोण कधी बोलतं यावरून. हा क्रम तुमच्या हातात आहे. त्याला बजेट लागत नाही, एचआरची परवानगीही लागत नाही.

एक साधा निर्णय जवळून पाहू

समजा, तुमच्याकडून मशिनिंग केलेले लोखंडी पार्ट पुठ्ठ्याच्या खोक्यांतून ग्राहकाकडे जातात. प्रस्ताव असा आहे की खोकी बंद करून परत वापरता येणारे प्लास्टिकचे क्रेट आणायचे. मीटिंग बोलावली जाते. आता कुणाला काय माहीत आहे ते बघा.

क्रेटची किंमत आणि ती किती फेऱ्यांत वसूल होईल, हे खरेदीवाल्यांना माहीत आहे. हा आकडा मेलवर फिरल्यामुळे बाकी सगळ्यांनाही माहीत आहे. पार्ट एकमेकांवर घासून ओरखडे पडतात म्हणून माल परत येतो, हे क्वालिटीच्या मुलीला ठाऊक आहे. रिकामे क्रेट रचून ठेवले तर फोर्कलिफ्ट वळायला जागा उरणार नाही, हे स्टोअरच्या काकांना दिसतंय. गाडी परतताना दुसऱ्याचा माल भरून येते, रिकामे क्रेट आणायचे म्हटलं तर परतीचं भाडं अंगावर पडेल, हे ट्रान्सपोर्ट बघणारा जाणतो. क्रेट हरवले तर ते कुणाच्या नावावर टाकायचे, परतीचं चलान कोण करणार, हा प्रश्न अकाउंट्सच्या मॅडमच्या मनात आहे. आणि डिस्पॅचला गाड्या भरणारा कंत्राटी मुलगा ग्राहकाच्या यार्डात अनेकदा जाऊन आलाय. तिथे रिकामे क्रेट उघड्यावर पडलेले असतात, पावसाळ्यात त्यांच्या तळाला पाणी साचतं, हे त्याने पाहिलंय. ओल्या क्रेटमध्ये मशिनिंग केलेला पार्ट ठेवला की गंज धरणार. ही गोष्ट अख्ख्या कारखान्यात फक्त त्यालाच माहीत आहे.

नेहमीच्या पद्धतीने मीटिंग झाली तर काय होईल? मोठे साहेब म्हणतील, "मला तर चांगला वाटतोय प्रस्ताव, बोला." मग बराच वेळ किमतीवर चर्चा होईल, कारण किंमत सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्यावर सगळ्यांना बोलता येतं. ओरखड्यांचा उल्लेख होईल. जागेचा विषय निघाला तर "बघू, करू ॲडजस्ट" म्हणून मिटेल. पाण्याचा विषय निघणारच नाही, कारण तो मुलगा मीटिंगला बोलावलेलाच नाही. बोलावला असता तरी साहेबांचं मत ऐकल्यावर तो गप्प बसला असता. जुलैमध्ये गंजलेला माल परत आल्यावर सगळे म्हणतील, हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? लक्षात आलेलं होतं, पण विचारलेलं नव्हतं.

अमेरिकेतल्या गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली नेमकं हेच प्रयोगात दाखवलं. उमेदवार निवडण्यासाठी गट बसवले आणि उमेदवारांची माहिती सदस्यांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी वाटली. सगळे तुकडे जोडले असते तर सर्वांत योग्य उमेदवार कोण, हे दिसलं असतं. पण गट सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच बोलत राहिले, आणि बहुतेकांनी कमी योग्य उमेदवार निवडला. एकट्याकडे असलेली माहिती एकट्याकडेच राहिली. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही गळती थांबवण्यासाठी आहेत.

पायरी १: हा निर्णय गटाचा आहे का, ते आधी ठरवा

प्रत्येक गोष्टीला मीटिंग नको. मशीन बंद पडली असेल, आग लागली असेल, नियम स्पष्ट असेल, तर तुम्ही ठरवा आणि पुढे व्हा. ज्या निर्णयाचे धागे चार विभागांत गेलेत आणि जो चुकला तर परत फिरायला महाग पडेल, तो गटापुढे ठेवा.

शेवटचा शब्द कुणाचा, हे पहिल्या मिनिटाला सांगून टाका. "तुमचं सगळं ऐकून निर्णय मी घेणार आहे" हे प्रामाणिक वाक्य आहे आणि लोक ते आनंदाने स्वीकारतात. "आपण सगळे मिळून ठरवू" म्हणायचं आणि ठरलेलंच जाहीर करायचं, हे एकदा झालं की पुढच्या वेळी कुणी मनातलं बोलणार नाही. निर्णय वर आधीच झाला असेल तर मीटिंग कशासाठी तेही खरं सांगा: "क्रेट येणार हे नक्की आहे. ते कसे आणायचे, एवढंच आज ठरवायचंय."

पायरी २: हुद्द्यावरून नको, माहितीवरून बोलवा

एका कागदावर लिहा: या निर्णयाने कुणाच्या हाताचं काम बदलणार? ज्याचं काम बदलणार तो, किंवा त्याच्यातला एक जण, मीटिंगला हवा. क्रेटच्या बाबतीत गाडी भरणारा आणि स्टोअरमध्ये जागा लावणारा हे दोघे प्लांट हेडपेक्षा जास्त गरजेचे आहेत. पाच ते आठ माणसं पुरेत. त्याच्या पुढे गेलात की निम्मे प्रेक्षक होतात.

कंत्राटी माणसाला बोलावताना त्याच्या ठेकेदाराला आणि सुपरवायझरला आधी सांगा, आणि त्या वेळेचा त्याचा पगार कापला जाणार नाही याची खात्री करा. नाहीतर तुम्ही सल्ला मागायचा आणि त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी जायची, असं होईल.

एकच बाई, एकच कंत्राटी कामगार, एकच परप्रांतीय असा नमुना म्हणून कुणाला बसवू नका. एकट्या पडलेल्या माणसाकडे सगळे त्याच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून बघतात, आणि त्याला ते जाणवतं. शक्य असेल तिथे दोघं तरी असू देत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने आपल्याकडे हे तत्त्व आधीच घालून दिलंय. अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीत निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिलाच लागते आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला असावा लागतो. समितीने वरिष्ठांच्या दबावाखाली एकसुरी निर्णय देऊ नये, ही काळजी त्या रचनेत आहे. रोजच्या निर्णयातही ती घेता येते.

पायरी ३: टीममधली भेग ओळखा

ही पायरी नवे लोक हमखास वगळतात, म्हणून जरा थांबून सांगते.

टीममध्ये फरक असणं वेगळं आणि सगळे फरक एकाच रेषेवर जमा होणं वेगळं. डोरा लाऊ आणि किथ मर्निगन यांनी १९९८ मध्ये ही कल्पना मांडली, आणि आपल्या कारखान्यांना ती तंतोतंत लागू पडते. समजा प्रॉडक्शनचे सगळे आसपासच्या गावांतले, मराठी, वयाने मोठे, डिप्लोमावाले. क्वालिटीचे सगळे बाहेरचे, तरुण, इंग्रजी बोलणारे, डिग्रीवाले. आता प्रॉडक्शन आणि क्वालिटीत मतभेद झाला की तो पार्टच्या मापावर राहत नाही. तो "ते" आणि "आपण" यांच्यातला होतो. तेच फरक इकडेतिकडे विखुरलेले असते, म्हणजे क्वालिटीत एखादे जुने-जाणते मराठी इन्स्पेक्टर आणि प्रॉडक्शनमध्ये एखादी तरुण केरळी इंजिनिअर असती, तर टीम तितकीच मिश्र असूनही दोन तट पडले नसते.

भेग कुठे आहे ते शोधायला सर्व्हे नको. जेवणाच्या सुट्टीत कँटीनला जा आणि कोण कुणाबरोबर डबा उघडतं ते बघा. चहाला कोण कुणाला हाक मारतं, कुणाला नुसत्या आडनावाने बोलावतात, कुणाला नावाने आणि कुणाला "ए कंत्राट" म्हणून, हेही बघा. ही शेवटची हाक तुमच्या हद्दीत ऐकू आली तर त्याच दिवशी बंद करा. ज्याला नाव नाही त्याच्याकडून माहिती मिळणार नाही.

मग मीटिंगमध्ये बसण्याच्या जागा आणि छोट्या कामांच्या जोड्या अशा लावा की रेषा मोडेल. जागेचं माप काढायला स्टोअरच्या काकांबरोबर क्वालिटीच्या मुलीला पाठवा. गंजाची चाचणी डिस्पॅचच्या मुलाने आणि लॅबवाल्यांनी मिळून करावी. एकत्र केलेलं एक काम दहा "टीम बिल्डिंग"च्या खेळांपेक्षा जास्त उपयोगी पडतं, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ४: मीटिंगआधी प्रत्येकाचं मत वेगवेगळं घ्या

सगळ्यांत कमी मेहनतीत सगळ्यांत जास्त फायदा देणारी पायरी हीच. मीटिंगच्या एक-दोन दिवस आधी प्रत्येकाला तीन प्रश्न पाठवा:

१. या बदलाने तुमच्या कामात नेमकं काय बदलेल?
२. बाकीच्यांना माहीत नसेल अशी कुठली गोष्ट तुम्हाला माहीत आहे?
३. तुमचा कौल आत्ता कुठे आहे: हो, नाही, की अमुक अट पाळली तर हो?

उत्तर फक्त तुमच्याकडे येऊ द्या, ग्रुपवर टाकायला सांगू नका. ग्रुपवर पहिलं उत्तर साहेबांचं आलं की खाली अंगठ्यांची रांग लागते. लिहायला ज्यांना अवघड जातं त्यांनी व्हॉइस नोट पाठवावी, हिंदीत, मराठीत, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. आणि गाड्या भरणाऱ्या मुलाकडून मेलची अपेक्षा ठेवू नका. त्याच्याकडे तुम्ही स्वतः जा, धक्क्यावर उभं राहून पाच मिनिटं बोला. "तुला काय वाटतं?" असं विचारलंत तर "ठीक है साहब" एवढंच मिळेल. "परवा ग्राहकाकडे गाडी खाली केलीस ना, तिथे रिकामा माल कुठे ठेवतात, दाखव बरं" असं विचारलंत तर तो हातवारे करून सगळं सांगेल. मत मागितलं की माणूस हुद्दा आठवतो. काय पाहिलं ते विचारलं की त्याला डोळ्यांसमोरचं आठवतं.

आकडा ठरवायचा असेल, म्हणजे किती क्रेट लागतील, किती दिवस लागतील, तर हीच पद्धत आणखी काटेकोरपणे वापरा. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला आकडा लिहायचा, कुणी कुणाचा बघायचा नाही, मग सगळे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यायचा. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन यांनी १९०७ मध्ये इंग्लंडातल्या प्लिमथच्या जत्रेतल्या एका स्पर्धेचा हिशेब छापला होता. बैलाचं मांस किती भरेल याचा अंदाज ७८७ जणांनी चिठ्ठ्यांवर लिहिला होता. त्यातला मधला आकडा खऱ्या वजनापासून एक टक्काही दूर नव्हता. त्यात कसाई होते, शेतकरी होते आणि हौशे-नवशेही होते. पण त्यांनी एकमेकांशी सल्लामसलत करून अंदाज लिहिले नव्हते, म्हणून एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीने भरून निघाली. मोठ्याने चर्चा करून आकडा काढलात तर पहिला बोललेला आकडा सगळ्यांना आपल्याकडे ओढतो.

पायरी ५: मीटिंग खालून वर चालवा

सुरुवातीला प्रत्येकाने नाव आणि या विषयातलं आपलं काम एका वाक्यात सांगायचं. रोज एकमेकांना बघणाऱ्यांनीही सांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टमध्ये चिरा देण्याआधी सर्जनपासून नर्सपर्यंत सगळ्यांनी नाव आणि काम सांगावं, ही एक ठरलेली पायरी आहे. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे गरज पडली तर बोलतो, हा त्यामागचा विचार.

मग बोलण्याची फेरी. सर्वांत कनिष्ठ आधी, तुम्ही शेवटी. हा शिष्टाचार आयात केलेला नाही. आपल्या लष्करी न्यायालयांत, सेना नियम १९५४ नुसार, सदस्यांची मतं सर्वांत खालच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यापासून घेतली जातात. जिथे आज्ञापालन हाच श्वास आहे, तिथेसुद्धा न्याय करताना वरिष्ठाचं मत आधी कानावर पडू नये याची काळजी नियमाने घेतली आहे. मग क्रेटच्या मीटिंगमध्ये ती घ्यायला काय हरकत आहे?

फेरी चालू असताना दोन नियम. पहिला, मधे कुणी तोडायचं नाही. हा नियम बायकांच्या बाबतीत सर्रास मोडला जातो. क्वालिटीची मुलगी दुसऱ्या वाक्यात असते आणि कुणीतरी तिचंच म्हणणं मोठ्या आवाजात पुढे नेतो. अशा वेळी शांतपणे म्हणा, "त्यांचं होऊ दे, मग तुम्ही." तिचा मुद्दा दुसऱ्याच्या नावावर जमा झाला तर "हे त्या मघाशी म्हणाल्या, तेच ना?" एवढं विचारणं तुमचं काम. आणि मीटिंगची टिपणं घेणं, चहा सांगणं ही कामं दर वेळी तिच्याच गळ्यात पडू देऊ नका. लिहिणाऱ्याला बोलायला फुरसत नसते.

दुसरा नियम: फेरीत फक्त माहिती आणि काळजी सांगायची, बाजू घ्यायची नाही. बाजू एकदा जाहीर झाली की ती राखावी लागते. पाण्याची, जागेची, परतीच्या भाड्याची सगळी माहिती फळ्यावर आली की बाजू घेणं सोपं जातं आणि सोडणंही.

पायरी ६: भाषेचं आधी ठरवा

पुण्याच्या कारखान्यातली मीटिंग हिंदीत सुरू होते, तापली की मराठीत जाते आणि मोठे साहेब आत आले की इंग्रजीत. प्रत्येक वळणावर काही माणसं गळतात. मराठीत गेली की कोइमतूरचा मेंटेनन्सवाला मोबाइल काढतो. इंग्रजीत गेली की ज्या सुपरवायझरला त्या मशीनचा आवाज ऐकून बिघाड कळतो, तो मान खाली घालून वहीत काहीतरी गिरवत बसतो. पुण्यातून जर्मनीतल्या टीमबरोबर कॉलवर असणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना हे उलट्या बाजूने ठाऊक असेल. मनात मुद्दा तयार होतो, वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

म्हणून सुरुवातीलाच सांगा: "आज हिंदीत बोलू. ज्याला मराठीत किंवा आणखी कुठल्या भाषेत सांगायचं असेल त्याने बिनधास्त सांगावं, आपण उलगडून घेऊ." उलगडून सांगणारा माणूस आधी ठरवून ठेवा. दोघेजण मराठीत शिरले तर त्यांना टोकू नका, पण संपल्यावर "यांनी ठरवलं ते असं" म्हणून दोन वाक्यांत सर्वांना सांगा. आकडे, मापं, तारखा फळ्यावर लिहा. शक्य असेल तर वस्तूच आणा. टेबलावर एक रिकामा क्रेट ठेवला, त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठे साचतं ते दाखवलं, तर कुठल्याच भाषेची अडचण राहत नाही.

कुणाचं व्याकरण सुधारू नका, उच्चारावर हसू देऊ नका. हसणारा गमतीने हसतो हे खरं असेलही. पण ज्याच्यावर हसले तो त्या वर्षात पुन्हा तोंड उघडत नाही.

पायरी ७: विरोधाचं पहिलं वाक्य जपा

१९७७ साली, २७ मार्चला, स्पेनच्या तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावत सुटलेल्या केएलएमच्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती: समोरचं पॅन ॲमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टन कंपनीतला नावाजलेला प्रशिक्षक होता. त्याने ठामपणे सांगितलं की झालंय, आणि शंका तिथेच संपली. त्या आणि त्यानंतरच्या अपघातांमधून विमान कंपन्यांनी कॉकपिटचं प्रशिक्षणच बदललं. कनिष्ठाने शंका कशी मांडायची आणि कॅप्टनने ती कशी ऐकायची, हे आता शिकवलं जातं.

तुमच्या मीटिंगमध्ये जीव जाणार नाहीत, पण घडतं तेच. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, "सर, पावसाळ्यात जरा..." आणि त्यावर तुमचं पहिलं वाक्य काय असतं, त्यावर बाकीच्या सगळ्यांचं गप्प बसणं किंवा बोलणं ठरतं. "ते आम्ही बघितलंय" म्हणालात तर दार बंद. "पावसाळ्यात काय होतं? तू पाहिलंयस ते सांग" म्हणालात तर दार उघडं. तुम्ही सहमत व्हायची गरज नाही, फक्त आणखी एक प्रश्न विचारायचा.

एक जण वेगळं बोलला की दुसऱ्याला बळ येतं. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत, रेघांच्या लांबीसारख्या उघड गोष्टीतही बाकी सगळे चुकीचं बोलत असतील तर लोक सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्यामागे जात. गटातला एक जरी खरं बोलला तरी हे प्रमाण झपाट्याने खाली येई. म्हणून पायरी ४ मध्ये ज्यांनी "नाही" किंवा "अट पाळली तर हो" असं कळवलंय, त्यांची नावं न घेता सांगा: "आधी आलेल्या उत्तरांमध्ये तीन जणांना शंका आहेत." शंका असलेल्या प्रत्येकाला कळतं की तो एकटा नाही.

काही ठिकाणी एकाला मुद्दाम "विरोधक" नेमतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ चार्लन नेमेथ यांच्या संशोधनातून दिसलं की नाटकी विरोधाने खऱ्या विरोधाइतका फायदा होत नाही, लोक तो अभिनय म्हणून सोडून देतात. खरी शंका असलेला माणूस शोधा आणि त्याला बोलू द्या.

पायरी ८: निर्णय फसलाय असं धरून चाला

चर्चा "हो"कडे झुकली की दहा मिनिटं राखून ठेवा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी रूढ केलेली ही पद्धत आहे. सांगायचं असं: "समजा सहा महिने झालेत आणि क्रेटचा निर्णय सपशेल फसलाय. का फसला, ते प्रत्येकाने कागदावर लिहा." लिहून झाल्यावर एकेकाने एकच कारण वाचायचं, पुन्हा खालच्या हुद्द्यापासून. फसणं गृहीत धरल्यामुळे कारण सांगणारा अपशकुनी ठरत नाही, उलट ज्याला जास्त कारणं दिसतात तो हुशार ठरतो. हरवलेल्या क्रेटचा हिशेब, दिवाळीआधीच्या गर्दीत ग्राहकाने क्रेट अडवून ठेवणं, असल्या गोष्टी इथेच बाहेर येतात.

पायरी ९: ठरवा, लिहा, परत सांगा

निर्णय जाहीर करताना तीन ओळी लिहून काढा: काय ठरलं, कुठल्या शंका होत्या आणि त्यांचं काय केलं, पुन्हा कधी बघायचं. "क्रेट आणायचे. पावसाळ्यापुरती तळाला भोकं असलेली जात घ्यायची. ग्राहकाशी शेडखाली जागेबद्दल बोलायचं. ऑगस्टअखेर गंजाच्या तक्रारी मोजायच्या." हे नोटिस बोर्डवर हिंदी-मराठीत लावा.

ज्याचं म्हणणं मान्य झालं नाही त्याला स्वतः भेटून कारण सांगा. आणि ज्याच्या सांगण्याने निर्णय बदलला त्याचं श्रेय चारचौघांत द्या, त्याच्या ठेकेदारासमोरही.

अवघडलेपण आलं तर

मिश्र टीमची मीटिंग लांबते, जड जाते. एकसारख्या माणसांची मीटिंग झटपट संपते आणि सगळे खूश होऊन बाहेर पडतात. कॅथरीन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका खुनाचं कोडं सोडवायला दिलं होतं. ज्या गटांत बाहेरचा माणूस आला, त्यांचं उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण ओळखीचाच माणूस आलेल्या गटांच्या जवळपास दुप्पट होतं. तरीही स्वतःच्या उत्तराबद्दलचा विश्वास त्यांना कमी होता आणि चर्चाही नीट झाली नाही असं वाटत होतं. अमेरिकेत सॅम्युएल सॉमर्स यांनी २००६ मध्ये नकली ज्यूरींवर (ज्यूरी म्हणजे खटला ऐकून निकाल देणारा सामान्य नागरिकांचा गट) केलेल्या अभ्यासातही गोऱ्या आणि काळ्या सदस्यांच्या मिश्र ज्यूरींनी जास्त वेळ चर्चा केली, खटल्यातल्या जास्त बाबी लक्षात घेतल्या आणि तथ्यांच्या चुका कमी केल्या. मिश्र ज्यूरीत बसलेले गोरे सदस्यही जास्त काळजीपूर्वक बोलत होते. तेव्हा "आज मीटिंग छान झाली" या भावनेवरून काही ठरवू नका. नवी माहिती किती आली ते मोजा: फळ्यावर अशा किती गोष्टी लिहिल्या गेल्या, ज्या मीटिंगआधी तुम्हाला माहीत नव्हत्या?

मात्र मतभेद माणसावर घसरला, कुणाच्या गावावर, जातीवर, धर्मावर, बाईपणावर टिप्पणी झाली, तर चर्चा तिथेच थांबवा. "हे इथे चालणार नाही" असं सर्वांसमोर म्हणा आणि मग विषयाकडे परत या. नंतर एकट्याला गाठून समजावणं पुरत नाही, कारण ऐकणाऱ्यांनी तुमचं गप्प बसणं पाहिलेलं असतं.

मोठे साहेब मीटिंगला आले तर

हा नव्या टीम लीडरचा खरा पेच. त्यांना थांबवता येत नाही. पण आदल्या दिवशी केबिनमध्ये जाऊन विनंती करता येते: "सर, तुमचं मत आधी आलं तर बाकीचे बोलणार नाहीत. तुम्ही शेवटी बोललात तर तुम्हाला खालची खरी परिस्थिती ऐकायला मिळेल." यात त्यांचाच फायदा दिसत असल्यामुळे बहुतेक वरिष्ठ ऐकतात. नाहीच ऐकलं, तर पायरी ४ ची उत्तरं नावं काढून एका पानावर उतरवा आणि मीटिंग सुरू होताच तेच पान सर्वांत आधी वाचा. साहेब पहिलं वाक्य बोलायच्या आत पाण्याचा मुद्दा टेबलावर आलेला असेल.

सुरुवात मात्र शिफ्टच्या वेळा किंवा बोनससारख्या विषयापासून करू नका, तिथे हितसंबंध थेट असतात आणि युनियनशी बोलणं वेगळ्या चाकोरीतून होतं. पॅकिंग, साहित्य ठेवायच्या जागा, नव्या मशीनची मांडणी, तपासणीचा फॉर्म असा एखादा निर्णय घ्या, ज्याचा परिणाम दोन-तीन महिन्यांत डोळ्यांनी दिसेल आणि चुकला तर बदलता येईल. पुढच्या आठवड्यात तुमच्या टेबलावर असा कुठला विषय आहे, ते बघा आणि तीन प्रश्न आजच पाठवा.